बंद दाराआडचा तांबडा

१

नवे राज्य जन्माला यायला एक अहोरात्र उरले असताना त्या राज्याचा नकाशाच खोताच्या वाडीतून नाहीसा झाला.

नकाशा कागदाचा नव्हता. तांब्याच्या वीतभर पट्टीवर मिन्याचे रंग भाजून कोंडीरामांनी तो दोन महिने घडवला होता. मिना म्हणजे रंगीत काचेची पूड. पाण्यात कालवून ती धातूवर लावायची, सुकवायची आणि भट्टीत अशी भाजायची की काच वितळून धातूशी एकजीव व्हावी. चिवट रंग आधी भाजायचे, नाजूक रंग मागून. पांढरी किनार, निळा समुद्र, हिरवी भूमी असे एकेक भाजून झाले होते. उरला होता तो मुंबईच्या जागी उगवणारा तांबडा सूर्य. त्याची फिकट गुलाबी पूड शुक्रवारी सकाळी लावून, सुकवून कोंडीरामांनी पट्टी कारखान्याच्या फळीवर ठेवली. शनिवारी सकाळी दहा वाजता त्यांनी कुलूप उघडले तो फळी रिकामी.

रविवारी, एक मे रोजी, ही पट्टी जवळच्या वाचनालयाच्या भिंतीत बसवायची होती. चार वर्षांपूर्वीच्या गोळीबारात त्या वाचनालयाचे दोन वाचक पडले होते. पट्टी त्यांच्या स्मरणाची.

अशा वेळी वाडीत प्रथम पोलीस येत नसत, नाना आठल्ये येत. नानांनी अडतीस वर्षे संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवले होते. कार्यावरून कारण कसे ओळखावे, दिसणाऱ्यावरून न दिसणारे कसे सिद्ध करावे, हेच त्यांनी आयुष्यभर केले. निवृत्तीनंतर वाडीतल्या हरवलेल्या वस्तूंवर तेच शास्त्र चालवण्यात त्यांना कोण आनंद होई. उपरणे सावरीत, काठी टेकीत ते आले तेव्हा कारखान्याच्या दारात चांगलाच कल्ला माजला होता.

"नाना, यात शोधायचंय काय? सगळं क्लिअर आहे!" वाचनालयाचे चिटणीस बाबुराव गरजले. "किल्ल्या दोन. एक कोंडीरामांची, एक ह्या कुशाबाची. कुलूप फोडलेलं नाही. काल दुपारी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, हा तणतणत गेला, तो आज सकाळीच उगवला. आणि मधल्या वेळात कुठं होतास विचारलं तर म्हणतो चौपाटीवर! एकटाच!"

कुशाबा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. घोडपदेवच्या चाळीत राहणारा हा मनुष्य बावीस वर्षे कोंडीरामांची भट्टी सांभाळत आला होता. साडेतीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला होता आणि तेव्हापासून मान ताठ ठेवून बोलत असे.

"होतोच चौपाटीवर," तो म्हणाला. "शेंगदाणे खात होतो. शेंगदाणेवाल्याची पावती ठेवायची राहिली, बाबुराव."

"बघा, वर तोंड करून बोलतोय! असल्या लोकांवर..."

"बाबुराव," नाना संथपणे म्हणाले, "शंकेला हेतू लागतो. 'असले लोक' हा हेतू नव्हे. ते वाक्य तुम्ही पुरे केले नाहीत हे बरे झाले."

बाबुराव वरमले, पण मागे हटले नाहीत. "ठीक. चार वाजेपर्यंत थांबतो. चारला पट्टी नसली तर मी चौकीवर जाऊन नाव सांगणार. मग बावीस वर्षांचं काय ते तिथं सांगा."

कोंडीराम भिंतीशी बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर मंद थरथरत होता. "नाना," ते म्हणाले, "पट्टी गेली तर दुसरी करीन, नाहीतर नाही करणार. पण कुशाबाला चौकीवर नेलं तर मी ह्या कारखान्यात पुन्हा बसायचा नाही."

नाना भट्टीमागच्या कोपऱ्यात वाकून पाहत होते. तेथे कोळशाचा ढीग उघड्या फरशीवर ओतलेला होता.

"कुशाबा, तुझा कोळसा असा जमिनीवर असतो?"

कुशाबा दोन पावले पुढे आला आणि थबकला. "न्हाई नाना. कोळसा घमेल्यात असतो. लोखंडाची दोन घमेली होती इथं." त्याने आजूबाजूला पाहिले. "घमेली कुठं गेली?"

२

वीतभर पट्टी खिशात मावते. तिच्याबरोबर दोन जड घमेली नेणारा चोर कसला? हा प्रश्न मनात घोळवीत नाना अंगणात आले, तोच घरमालकीण फिलोमिना बाय त्यांच्यावर चाल करून आल्या. वाडीतल्या जुन्या ईस्ट इंडियन घराण्यातल्या या बाईंचा आवाज चर्चच्या घंटेपर्यंत पोहोचत असे.

"नाना, तुमी आलात ते बरा झाला! ह्या कोंडीरामाला काय सांगायचा ते सांगा. काल दुपारी माज्या पाच चादरी वाळत होत्या. पाच! ह्याच्या भट्टीचा धूर असा आला, असा आला, का चादरी झाल्या काळ्या!"

"काल दुपारी? किती वाजता, बाय?"

"तीन वाजले असतील. मी खिडकी लावून झोपली. उठून बघते तर हा तमाशा!"

कुशाबा आतून ओरडला, "बाय, आमची भट्टी धूर करत न्हाई! लोणारी कोळसा आहे. वीस वर्षांत कधी धूर बघितला का?"

"नाय बघितला म्हणून तर चादरी तिथं टाकल्या ना मी!"

नानांच्या चेहऱ्यावर असा प्रसन्न भाव उमटला की फिलोमिना बायना तो आपल्या चादरींचा उपमर्द वाटला. धूर दिसला की अग्नी आहे असे समजावे, हे शेंबड्या पोराला कळते. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला अग्नीखेरीज ओले इंधन लागते. हा पाठ नानांनी अडतीस वर्षांत अडतीस वेळा शिकवला होता. त्यात पाच चादरींचा उपयोग होईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

त्यांनी भट्टीचे राखेचे तोंड उघडले, काठीने राख उकरली. निखाऱ्यांच्या चुऱ्यात अर्धवट जळलेले, केसाळ, तपकिरी काहीतरी हाती लागले.

"हे काय रे?"

"नारळाचं सोडण," कुशाबाने चकित होऊन म्हटले. "हे आमच्या भट्टीत कोण घालील? सकाळी मी भट्टी पेटवली, ती समुद्राला शेवटची आंच द्यायला. मग निखारे राखेखाली झाकून गेलो. पुन्हा फुलवायचे तर वर कोळसा टाकायचा न् भाता मारायचा. सोडण कशाला?"

तर मग शुक्रवारी दुपारी कोणीतरी भट्टी पेटवली होती. पट्टी नुसती नाहीशी झाली नव्हती. नाहीशी होण्याआधी ती भाजली गेली होती.

३

लालबागचा रमाकांत बाराच्या ठोक्याला स्वतःच हजर झाला. तो यंत्रावर पत्र्याचे बिल्ले छापी. पट्टीचे काम आपल्याला मिळावे म्हणून त्याने बरीच खटपट केली होती आणि शुक्रवारी सकाळी पट्टी डोळे भरून पाहूनही गेला होता. बातमी ऐकून तो हातातले काम टाकून आला होता. बोटे निळी होती.

"नाना, आधी मला धरा," तो हसत म्हणाला, "मग माझे चाळीस कामगार साक्षीला धरा. काल सकाळी इथून गेलो तो रात्रीपर्यंत प्रेसवर. उद्यासाठी पाच हजार बिल्ले द्यायचेत."

"तू भट्टी पेटवू शकतोस?"

"मी? बिडी पेटवताना बोट भाजतो! माझे रंग डब्यातले. लावले, वाळले, संपलं. हे अग्नीचं काम आपल्याला जमत नाही म्हणून तर कोंडीरामांवर जळतो मी." मग तो गंभीर झाला. "पण खरं सांगू? काल त्यांना पट्टी फळीवर ठेवताना बघितलं. हात इतका कापत होता की माझ्याच छातीत धस्स झालं. भट्टीतून काढताना पडली असती तर?"

रमाकांताला जे दिसले ते कुशाबाला त्याआधी दिसले होते. भांडण त्यावरूनच.

"मी म्हटलं, दादा, तांबडा ह्या वेळेला मी भाजतो," कुशाबा खाली पाहत म्हणाला. "गेल्या आठवड्यात एक डबी त्यांच्या चिमट्यातून पडली न् फुटली. दादा असे भडकले! म्हणाले, 'मी मेलो का? जा इथनं!' बावीस वर्षांत असं बोलले नव्हते. म्हणून चौपाटीवर बसलो. घरी जाऊन बायकोला काय तोंड दाखवू?"

"भांडण आणखी कोणी ऐकले?"

"दादांचा आवाज, नाना. कोण ऐकणार न्हाई?"

कोंडीरामांचे बिऱ्हाड कारखान्याच्या मागेच, अंगणापलीकडे दोन खोल्यांत होते. नाना तेथे गेले तेव्हा कौसल्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी लगबगीने पन्ह्याचा पेला पुढे केला. डोळे सुजलेले होते.

"काल दुपारी कोंडीराम कोठे होते, वहिनी?"

"शुक्रवारी ठाकूरद्वारला वैद्यांकडे जातात, हाताला तेल चोळून घ्यायला. अडीचला गेले ते दिवेलागणीला आले. आले ते पडूनच राहिले."

"आणि किल्ली?"

"खुंटीवर. कोटाखाली." एवढे बोलून त्या एकदम म्हणाल्या, "नाना, कुशाबा भावोजींनी नाही नेली हो पट्टी. त्या बाबुरावांना सांगा कोणीतरी. गळ्याशपथ सांगते, त्यांनी नाही नेली."

"पट्टी सापडली की तेही समजतील."

"सापडून तरी काय व्हायचंय?" कौसल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "तो तांबडा आता थोडाच येणार आहे? त्याचा कोळसा झाला."

नानांनी पन्हे संपवले, पेला उपडा ठेवला आणि उठले. चुलीशेजारी नारळाच्या सोडणांची रास होती. पण कोकणातले असे एकही बिऱ्हाड त्या वाडीत नव्हते, ज्याच्या चुलीशेजारी ती नसेल.

अंगणातल्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

४

नाना कारखान्याच्या पायरीवर बसले. त्यांनी डोळे मिटले. सगळे पट्टीसाठी हळहळत होते. एकटी कौसल्या रंगासाठी रडत होती. सगळ्यांच्या लेखी पट्टी कच्चीच चोरीला गेली होती. तिच्या लेखी सूर्य भाजून, जळून काळा झालेला होता. धूर फिलोमिना बायनी जगजाहीर केला होता, पण त्या भट्टीत पट्टी भाजली गेल्याचे नानांनी अजून कोणाला सांगितले नव्हते. ते नानांना ठाऊक होते, आणि ज्याने ती भाजली त्याला.

येथवर अनुमान निर्मळ होते. पण पुढे एक काटा होता. जळलेली पट्टी लपवायला दोन घमेली कशाला?

"कुशाबा, इकडे ये. बस. तांबडा भाजताना कोंडीराम कारखान्याचे दार बंद करतात, नाही का?"

"नेहमी. घरचा रिवाज आहे त्यांच्या. दृष्ट लागते म्हणतात. आत ते न् मी. वहिनीसुद्धा कधी आल्या न्हाईत. ओवाळायला आल्या तरी दाराबाहेर."

"आणि रंग जळतो तो कधी?"

"एक पळ जास्त झाला की काळा पडतो. म्हणून दादा सगळ्यांना ओरडतात ना, तांबड्याला नजर चुकवायची नाय, चुकवली की कोळसा. हे वाडीतल्या मांजरालाही पाठ आहे."

"आता नीट आठवून सांग. तांबडा उत्तम भाजला आहे, आंच बरोबर लागली आहे. तर भट्टीतून बाहेर काढल्या क्षणी तो कसा दिसतो?"

कुशाबाने नानांकडे पाहिले. एवढ्या विद्वान माणसाला एवढे साधे ठाऊक नसावे याचे त्याला हसू आले.

"काळा, नाना. कोळशासारखा काळा. तापला असला की तांबडा काळाच दिसतो. निवता निवता कडेनं लाल चढायला लागतो न् मग..."

त्याचे हसू ओठांवरच थांबले. तो उठून उभा राहिला.

"नाना! घमेली!"

"होय बाबा. गरम वस्तू खिशात घालून नेता येत नाही. एक घमेले खाली, एक वर. चल, बाबुरावांनाही बोलाव. चाराला अजून अर्धा तास आहे."

५

कौसल्याबाई दारातच उभ्या होत्या. ठेवणीतले लुगडे नेसून, केस नीट बांधून. सर्वांना येताना पाहून त्या म्हणाल्या, "मीच निघाले होते चौकीवर. चाराच्या आत जायचं ठरवलं होतं. आधी जायला हवं होतं, पण ह्यांच्या तोंडाकडे बघून पाय उचलेना."

कोंडीरामांच्या हातातला पंचा गळून पडला. "तू?"

"काल तुम्ही कुशाबा भावोजींना हाकललंत. मला ऐकू आलं सगळं. माझ्या मनात आलं, ह्यांच्या हातून ही पट्टी पडली तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही. तुम्ही वैद्यांकडे गेलात न् मी किल्ली घेतली. निखारे फुलेनात, म्हणून चुलीसारखी सोडणं घातली. धूर झाला मेला केवढा! भट्टी लाल झाली, पट्टी ठेवली, काढली, आणि सूर्य काळा. ठिक्कर काळा. मी तशीच ती घमेल्यात सरकवली, वर दुसरं उपडं घातलं, न् हाताला फडकी गुंडाळून माळ्यावर नेऊन ठेवली. पुन्हा बघायची छाती झाली नाही."

"वहिनी," कुशाबाने घाईने विचारले, "भट्टीत किती वेळ ठेवलीत? ते सांगा आधी."

"ते ठेवतात तेवढाच. तेराचा पाढा पाच वेळा. तीस वर्षं बंद दाराबाहेर ऐकत आले आहे. तेर दाहे तीसासे पाचव्यांदा म्हणाले की भांड्याचा आवाज येतो."

कुशाबाने एक दीर्घ श्वास सोडला आणि माळ्याच्या शिडीवर चढला. नाना खाली उभे राहिले. त्यांचे तर्कशास्त्र येथे संपले होते. पट्टी कोठे आहे हे त्यांना सांगता येत होते, तिने नेमकी किती आंच खाल्ली हे जगातला कोणताही पंडित सांगू शकला नसता. त्यांनी उपरण्याने कपाळ पुसले.

घमेली अंगणात आली. वरचे उचलायचे धाडस कोणी करीना. शेवटी कोंडीरामांनीच कापरा हात पुढे केला आणि ते उलटले.

पांढरी किनार, निळा समुद्र, हिरवी भूमी, आणि मुंबईच्या जागी सूर्य: नुकत्याच फोडलेल्या डाळिंबासारखा.

फिलोमिना बायनी छातीवर क्रूस केला. कौसल्याबाई मटकन पायरीवर बसल्या. कोंडीरामांनी पट्टी उन्हात धरली, तिरकी केली, नखाने कडेवर टिचकी मारली, डोळ्यांशी नेली.

"जरा कमी भाजलाय," ते म्हणाले. "अर्धा पाढा आणखी हवा होता."

"मग स्वतः भाजायचा होता!" कौसल्याबाई पायरीवरून उसळल्या.

वाडी हसली. कोंडीरामही हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पट्टी कुशाबाच्या हाती देत ते म्हणाले, "तुला जा म्हणालो होतो. चुकलो. तू म्हणत होतास तेच खरं होतं. मला ते कोणाच्या तोंडून ऐकवत नव्हतं, एवढंच."

"ते जाऊ द्या, दादा. पण तेराचा पाढा आता बदला. वाडीला कळला."

बाबुराव मागच्या मागे निघण्याच्या बेतात होते. नानांची काठी आडवी आली.

"कुशाबा, मी... म्हणजे परिस्थितीच अशी होती की..." बाबुराव चाचरले. "सॉरी म्हणतो."

"इथं नको," कुशाबा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "सकाळी बोललात ते दहा जणांत. उद्या वाचनालयात दोनशे जण असतील. तिथं म्हणा. मराठीत म्हणा."

आणि बाबुरावांनी ते म्हटले. रविवारी सकाळी, पट्टी भिंतीत बसण्याआधी, ताठ उभे राहून, लांबण न लावता त्यांनी आपली चूक बोलून दाखवली. मग पट्टी लावण्याचा मान वाचनालयाच्या समितीने कुशाबाला दिला. ज्यांचे मुलगे गोळीबारात पडले त्या दोन वृद्ध मातांनी तिला हळदकुंकू वाहिले, तेव्हा रमाकांताचे निळ्या बोटांचे हात सर्वांत आधी जोडले गेले.

सोमवारी कोंडीरामांनी कारखान्याचे दार सताड उघडले. कुंकवाच्या करंड्याचे एक झाकण भाजायचे होते, तांबड्याचे. ते स्वतः स्टुलावर बसले, कुशाबा भात्याशी, आणि चिमटा कौसल्याबाईंच्या हातात. दारात निम्मी वाडी. पुढच्या रांगेत, खुर्ची मागवून, नाना आठल्ये.

"तेर एके तेरा," कोंडीरामांनी सुरुवात केली.

पाचवा पाढा संपला. कौसल्याबाईंनी झाकण बाहेर काढून दगडावर ठेवले. ते कोळशासारखे काळे होते.

"जलला!" फिलोमिना बाय किंचाळल्या. "सांगितला होता मी, एवढी माणसा जमवू नका!"

"गप, बाय," कुशाबा म्हणाला. "आता बघा."

नानांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला आणि पुढे वाकून पुन्हा डोळ्यांवर चढवला. हे त्यांनी शनिवारी पायरीवर बसून जाणले होते. पाहिले मात्र अजून नव्हते. झाकणाच्या काठावर, केसाएवढी बारीक, लाली उमटली. ती सावकाश आत सरकू लागली.

"अग्गो बाई!" कौसल्याबाई म्हणाल्या आणि चिमटा खाली ठेवायचे विसरल्या.